चिंधीचा कागद आणि रद्दीची किंमत

वाचकहो, आपल्या संस्थेची ही स्मरणिका आपण हाती धरली आहे. ती कागदाची आहे हे सांगायला नको. परंतु कागद हा पदार्थ मुळात कचऱ्यातून जन्माला आला, हे मात्र पुष्कळांना सांगावे लागते. फाटक्या चिंध्या, तुटके दोरखंड, कुजलेली जाळी आणि जुनी गोणपाटे यांतून शेकडो वर्षे कागद तयार होत होता. आपल्या महाराष्ट्रात हे काम करणारे कारागीर बहुतांशी मुसलमान होते, आणि त्यांना ‘कागदी’ म्हणत.

आज ‘घनकचरा व्यवस्थापन’, ‘पुनर्वापर’, ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे भारदस्त शब्द वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतात. जणू ही विद्या परदेशातून काल-परवाच आली आहे, असा अनेकांचा समज होतो. प्रस्तुत लेखात कागदाच्या निमित्ताने या विद्येचा थोडा इतिहास पाहावयाचा आहे. हा इतिहास अभिमानाचा तर आहेच. पण त्यात एका मोठ्या नुकसानीची हकिकतही आहे. ते नुकसान कसे झाले हे समजून घेणे आज अगत्याचे आहे, कारण तशीच पाळी आता दुसऱ्या एका वर्गावर येऊ घातली आहे.

चीनपासून बगदादपर्यंत

इ. स. १०५ च्या सुमारास चीनच्या दरबारातील त्साय लुन या अधिकाऱ्याने झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासे पकडण्याची जुनी जाळी कुटून कागद तयार केला, असे चिनी इतिहास सांगतो. पुढे ही विद्या मध्य आशियात आली. इ. स. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अरब आणि चिनी सैन्यांची लढाई झाली. तीत पकडलेल्या चिनी कैद्यांकडून समरकंदच्या लोकांनी कागद शिकून घेतला, अशी परंपरागत कथा आहे. खलिफा हारून अल्-रशीद याच्या कारकिर्दीत, इ. स. ७९४-९५ च्या सुमारास, बगदादमध्ये कागदाचा कारखाना निघाला. नवव्या शतकातील लेखक याकूबी याने बगदादमध्ये कागद आणि पुस्तके विकणारी शंभरावर दुकाने असल्याचे नमूद केले आहे.

अरब कारागिरांचे मोठे कसब हे की, चीनमध्ये मिळणारी साल त्यांच्या देशात नव्हती, तेव्हा त्यांनी जवसाच्या जुन्या कापडाच्या चिंध्यांवर भर दिला. अंगावर घालून विटलेले कापड शेवटी विद्वानाच्या टेबलावर ग्रंथ होऊन येऊ लागले. तेथून ही विद्या स्पेनमार्गे युरोपात गेली. कागद मोजण्याचा ‘रीम’ हा शब्द इंग्रजी आहे असे आपण समजतो. तो मूळ अरबी ‘रिज़्मा’, म्हणजे गठ्ठा, या शब्दापासून निघाला आहे.

आपल्या मराठीकडेच पाहा. कागद, दस्ता, दौत, शाई, कलम, दप्तर हे सारे शब्द अरबी-फारसीतून आपल्या भाषेत आले आणि इतके मुरले की, आज कोणाला त्यांचे परकेपण जाणवत नाही. ‘रद्दी’ हा शब्दही त्याच घराण्यातला. लिहिण्याची साधने ज्या वाटेने आली, त्याच वाटेने टाकून दिलेल्या कागदाचे नावही आले.

दौलताबाद, जुन्नर, पुणे

हिंदुस्थानात कागद करण्याची विद्या प्रामुख्याने मुसलमान कारागिरांच्या हातून पसरली. काश्मीरचा सुलतान झैन-उल-आबिदीन याने पंधराव्या शतकात समरकंदहून कारागीर आणवले. आपल्या दख्खनमध्ये दौलताबादजवळचे कागझीपुरा हे गाव फार जुने ठाणे होय. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, तिच्यामागोमाग आलेल्या कारागिरांनी हे गाव वसविले, अशी तेथील परंपरा आहे. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या शहराहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागते. धंद्यावरून पडलेले त्याचे नाव आजही टिकून आहे.

दुसरे ठाणे जुन्नर. जुन्नरी कागद मराठेशाहीत नावाजलेला होता. तिसरे पुणे. पेशवाईत पुण्याचा कारभार वाढला, तसा कागदाचा खपही वाढला, आणि कसबा पेठेत नदीच्या बाजूला कागदी लोकांची वस्ती झाली. तिला कागदीपुरा म्हणतात. नदी जवळ लागे याचे कारण साधे होते. लगदा धुण्यास वाहते पाणी मुबलक हवे.

वाचकहो, पेशवे दफ्तरातील मोडी कागदांविषयी आपण ऐकले असेल. सनदा, ताळेबंद, पत्रे, महजर यांचे ते रुमाल आज इतिहासकारांना सोन्याच्या मोलाचे वाटतात. त्या कागदांवरचा मजकूर लिहिणारे कारकून बहुधा हिंदू, आणि खालचा कागद करणारे बहुधा मुसलमान. दोघांचे हात त्या एका पानावर आहेत. इतिहासाच्या पुस्तकात लिहिणाऱ्याचे नाव येते, कागद करणाऱ्याचे येत नाही. पण कागद टिकला नसता, तर लिहिणाऱ्याचेही नाव राहिले नसते.

चिंधीचा कागद कसा होई

हा उद्योग कसा चाले, ते थोडक्यात पाहू. जुनी गोणपाटे, दोरखंड, चिंध्या, जाळी आणि रद्दी कागद गोळा करून त्यांचे बारीक तुकडे करीत. ते चुन्याच्या पाण्यात भिजवून मुरवत ठेवीत, म्हणजे त्यातील मळ आणि चिकटपणा सुटे. मग पायाने दाबून चालविण्याच्या मोठ्या लाकडी हातोड्याखाली तो माल कुटीत. कुटलेला लगदा नदीवर नेऊन धूत, पुन्हा चुना व खार घालून कुटीत, पुन्हा धूत. असे कित्येक दिवस चाले.

नंतर जमिनीत बांधलेल्या हौदात तो लगदा पाण्यात कालवीत. कारागीर हौदाच्या काठी बसून गवताच्या काड्यांची बारीक चटई ताणलेली लाकडी चौकट पाण्यात बुडवी आणि हलकेच वर उचली. पाणी गळून जाई, चटईवर लगद्याचा पातळ थर राही, तोच ताव. तावांची थप्पी दाबून पाणी काढीत, मग एकेक ताव गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवीत. वाळल्यावर त्याला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावीत, म्हणजे शाई फुटत नसे. शेवटी गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटून त्यावर चकाकी आणीत. घरातील स्त्रिया आणि मुलेही या कामात हात लावीत.

या साऱ्या खटाटोपात कोणतीही वस्तू वाया जात नव्हती, हे लक्षात घ्यावे. शेतकऱ्याचे फाटलेले गोणपाट, कोळ्याचे कुजलेले जाळे, दफ्तरखान्यातील निकामी कागद या सर्वांना गिऱ्हाईक होते. आपल्या कोकणातील जुनी घरेही याच रीतीने चालत. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, चुलीची राख भांड्यांना लागे, शेण व पालापाचोळा राबाला जाई, पेंढा गुरांना जाई. उकिरड्यावर जे पडे ते खत होऊन शेतात परत येई. इसराफ म्हणजे उधळपट्टी. तिची आपल्या धर्माने निंदा केली आहे. वाटेवरचा त्रासदायक अडथळा दूर करणे हे इमानाचेच एक अंग मानले आहे. घरातील वडीलधारी माणसे जमिनीवर पडलेला छापील कागद उचलून उंच जागी ठेवीत, कारण त्यावर अल्लाहचे नाव असू शकेल. कागदाचा आदर आपल्याला असा लहानपणापासून शिकविला जातो.

धंदा का बुडाला

असा हा उद्योग एकोणिसाव्या शतकात बुडाला. ‘यंत्र आले आणि हातकाम गेले’ असे एका वाक्यात सांगण्याची रीत आहे. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही.

फ्रान्समध्ये निकोला रॉबेर याने १७९८ साली कागदाचे सलग भेंडोळे काढणारे यंत्र बनविले. युरोपात यंत्रे वाढली तशा चिंध्या पुरेनात. तेव्हा तेथील लोकांनी दोन वाटा धुंडाळल्या. एक वाट रद्दीची. जर्मनीतील युस्टुस क्लाप्रोट याने १७७४ साली छापील कागदावरील शाई काढून त्याचा पुन्हा कागद करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि लंडनमध्ये मथायस कूप्स याने १८०० च्या सुमारास तसा कारखानाच काढला. पण तो चालला नाही. दुसरी वाट लाकडाची. १८४४ साली जर्मनीतील केलर याने लाकूड वाटून लगदा करण्याची युक्ती काढली. लाकडाचा कागद स्वस्त झाला, चिंधीची गरज संपली, आणि जंगलाची तोड सुरू झाली.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहा. शिक्षक होऊ इच्छिणारा प्रत्येक जण १८५४ च्या वुडच्या खलित्याचा अभ्यास करतो. त्या खलित्याने हिंदुस्थानात शाळांचे जाळे विणण्याची दिशा दिली. शाळा वाढल्या की कागद लागणारच. परंतु तेच सर चार्ल्स वुड १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री असताना, सरकारला लागणारा कागद विलायतेतून खरेदी करण्याचे धोरण ठरले. म्हणजे मागणी वाढली आणि त्याच वेळी सर्वांत मोठे गिऱ्हाईक निघून गेले. पुढे १८८५ साली पुण्यातच डेक्कन पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कागद यंत्रावर निघू लागला.

कागदी लोकांच्या हाती कसब होते. पण शाळेचे शिक्षण नव्हते, भांडवल नव्हते, संघटना नव्हती आणि सरकारात त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. नवे रसायन काय आहे, यंत्र कोठून आणावे, कर्ज कोठे मिळते हे सांगणारे कोणी त्यांच्या घरात नव्हते. एकेक हौद कोरडा पडला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या विद्येसाठी कागद पुरविला, त्यांची मुले विद्येवाचून राहिली. ही या इतिहासातील खरी नुकसानी होय.

वर्धा आणि पुणे

विसाव्या शतकात या कलेकडे पुन्हा लक्ष गेले. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेलघाणीपासून हातकागदापर्यंत अनेक उद्योगांचे प्रयोग झाले. कुमारप्पांचे म्हणणे असे की, निसर्गातून घेतलेले निसर्गाला परत मिळेल अशा रीतीने माणसाने उद्योग करावा. आज ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणून जे सांगतात, त्याचे बीज यात आहे. अमेरिकन कागदतज्ज्ञ डार्ड हंटर याच सुमारास हिंदुस्थानातील हातकागदाचे कारखाने पाहत फिरला. त्याचा त्यावरील ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. पुण्यात के. बी. जोशी यांच्या खटपटीने १९४० साली शिवाजीनगर येथे हातकागद संस्था उभी राहिली. तेथे सुती चिंध्यांपासून कागद बनू लागला.

हे प्रयत्न थोर होते. कला वाचली, पण ती करणारा जुना समाज तोवर पांगला होता.

कागद, काच, पत्रा

आता आपल्या काळाकडे वळू. शहरे वाढली, कचऱ्याचे डोंगर झाले. मुंबईचा देवनारचा कचरा-डेपो १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर पसरला होता. या डोंगरातून उपयोगाची वस्तू वेचून काढणारे लोक आधीपासून होते. त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र नव्हती.

ती दृष्टी देण्याचे मोठे काम पुण्यात झाले. १९९३ साली तेथील कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन केली. डॉ. बाबा आढाव यांचे तिला मार्गदर्शन लाभले, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून आलेल्या कार्यकर्त्या तिच्या उभारणीत होत्या. सभासदांत बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया. त्यांना ओळखपत्रे मिळाली. २००८ साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. त्या दारोदारी जाऊन वेगळा केलेला कचरा घेऊ लागल्या, घरोघरचे लोक त्यांना महिन्याला शुल्क देऊ लागले. उकिरड्यावर वेचणारी बाई नागरी सेवा देणारी कामगार झाली. यात नवे यंत्र फारसे नव्हते. संघटना, ओळख आणि शिक्षण या तीन गोष्टी होत्या. कागदी लोकांपाशी नेमक्या याच तीन गोष्टी नव्हत्या.

वेचकाच्या पुढची पायरी भंगारवाल्याची. धारावी, कुर्ला, भिवंडी, मालेगाव येथे भंगार आणि पुनर्वापराच्या धंद्यात मुसलमानांची संख्या मोठी आहे. मालेगाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहेच. पण टाकाऊ प्लॅस्टिक वितळवून त्याचे पाईप करणारे कितीतरी कारखाने तेथे आहेत. आपल्या देशात तयार होणाऱ्या कागदाचाही मोठा हिस्सा रद्दीपासून होतो. मात्र कागदाचा तंतू दर फेरीला आखूड होत जातो. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो निकामी ठरतो. काच आणि धातू पुनःपुन्हा वितळविता येतात. म्हणून ओला कचरा लागून रद्दी खराब होऊ न देणे, एवढ्या साध्या गोष्टीवर पुष्कळ काही अवलंबून असते.

आपल्या दाराशी

आपण निडी, रोहे, अष्टमी, नागोठणे, पेण या टापूत राहणारी माणसे. आपटा ते रोहे ही रेल्वे १९८६ साली सुरू झाली. तिच्यावरील निडी स्थानक नागोठणे आणि रोहे यांच्यामध्ये आहे. नागोठण्यास १९९० च्या सुमारास ‘आयपीसीएल’चा मोठा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला, २००७ साली ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे ज्यापासून पिशव्या, डबे, पोती आणि दोर बनतात तो माल, तेथे तयार होतो. अर्थात ज्या पदार्थाच्या कचऱ्याची आज जगाला चिंता आहे, तो आपल्या शेजारीच जन्म घेतो. याच कंपनीने २०२० च्या प्रारंभी, नागोठण्याच्या आवारात सुमारे ५० टन टाकाऊ प्लॅस्टिक डांबरात मिसळून ४० किलोमीटरच्या आसपास रस्ते केल्याचे जाहीर केले. डांबरात प्लॅस्टिक घालण्याची ही रीत मदुराईचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी प्रथम सिद्ध केली.

पूर्वी कोळ्याचे जाळे सुताचे होते, ते कागद्याच्या हौदात जाई. आजचे जाळे नायलॉनचे आहे. ते ना कुजते, ना हौदात जाते. पोते तागाचे होते, ते प्लॅस्टिकचे झाले. त्यामुळे जुनी सवय नव्या कचऱ्याला लागू पडत नाही. पाणी तापविण्याच्या बंबात किंवा राबाच्या आगीत पालापाचोळ्याबरोबर प्लॅस्टिक जाळले जाते. त्याचा धूर विषारी असतो, आणि तो प्रथम घरातल्या बाईच्या आणि लहान मुलाच्या छातीत जातो. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. प्लॅस्टिक कचऱ्याचे केंद्राचे २०१६ चे नियम ग्रामपंचायतींनाही लागू करण्यात आले. कायदा गावापर्यंत पोहोचला. माहिती अजून पोहोचावयाची आहे.

नवी पाळी

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लॅस्टिकच्या वेष्टनांबाबत उत्पादकांची जबाबदारी ठरविणारी सविस्तर तत्त्वे लागू केली. वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपनीने तितक्याच प्रमाणात प्लॅस्टिक गोळा करून त्यावर प्रक्रिया झाल्याचा दाखला मिळवावा, असा त्याचा आशय आहे. हा दाखला नोंदणी झालेला प्रक्रिया-उद्योगच देऊ शकतो. धोरण चांगले आहे. परंतु नोंदणीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, हिशेब लागतो, संगणकावर माहिती भरावी लागते. सायकलवरून किंवा टेंपोतून गावोगाव फिरणारा रद्दीवाला आणि पत्र्याच्या शेडमध्ये माल निवडणारा लहान भंगारवाला यांच्याकडे यांतील काय आहे? मोठे भांडवल या धंद्यात उतरेल, स्वयंचलित यंत्रे माल निवडतील, आणि आजवर हे काम बिनबोभाट करणारा माणूस बाहेर फेकला जाईल, ही भीती अनाठायी नाही. दीडशे वर्षांपूर्वी कागद्याचे हेच झाले. मागणी वाढली, आणि कारागीर बुडाला.

हे टाळावयाचे तर काम शाळेपासून सुरू केले पाहिजे. भंगाराच्या दुकानात बसणारा मुलगा दहावीपूर्वी शाळा सोडतो, कारण मालाचे वजन-भाव त्याला आधीच येतात आणि पुढे शिकून काय मिळणार, असे घरच्यांना वाटते. त्याला सांगितले पाहिजे की, प्लॅस्टिकच्या वस्तूखाली त्रिकोणात छापलेला १ ते ७ हा आकडा तो ज्या सहजतेने वाचतो, ते रसायनशास्त्रच आहे. तो पुढे शिकला तर त्याच शेडचा नोंदणीकृत कारखाना करू शकेल. कचरा वेचण्यासारखे आरोग्यास धोका असलेले काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिला जात-धर्माची अट नाही. आपल्यापैकी किती पालकांना हे ठाऊक आहे? संस्थेच्या कार्यकर्त्यांनी असे पालक शोधून त्यांचे अर्ज भरून द्यावेत, नोंदणीचे कागद समजावून सांगण्यासाठी महिन्यातून एक दिवस द्यावा, एवढी नम्र सूचना आहे.

घरोघरच्या वाचकांसाठी दोनच गोष्टी. ओले आणि सुके निराळे ठेवावे, आणि प्लॅस्टिक जाळू नये. वर्षाच्या शेवटी वह्यांतील कोरी पाने काढून त्यांची कच्ची वही शिवावी, ही जुन्या शिक्षकांची शिकवण अजूनही खरी आहे. उरलेली रद्दी देताना रद्दीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी त्याची मुले कोणत्या इयत्तेत आहेत, याची चौकशी करावी. ती शाळेत नसतील, तर आपल्या संस्थेचा पत्ता त्यास द्यावा.